आऊटबोर्डच्या गिअरकेसचा ड्रेन स्क्रू दरवर्षी जाम होतो : का होतो आणि कसा काढायचा

जुलै उतरणीला लागला की मालवण-देवबागपासून वर हर्णैपर्यंत किनाऱ्यावर झाकून ठेवलेली आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे लटकणारी, इंजिनं बाहेर निघू लागतात. ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपते. त्याआधी प्लग बघायचे, फिल्टर साफ करायचा, गिअर ऑइल बदलायचं. आणि नेमकी गिअर ऑइलपाशी गाडी अडते. लोअर युनिटचा, म्हणजे इंजिनाच्या पाण्यात बुडणाऱ्या भागाचा, ऑइल काढायचा खालचा स्क्रू (ड्रेन स्क्रू) जागचा हलत नाही. मग कुणीतरी विचारतं, "भावानू, स्क्रू काय हलना नाय, छिन्नी मारू काय?"

छिन्नीची वेळ येते, पण ती शेवटी. या कामात तुमच्याकडे भांडवल एकच आहे, स्क्रूच्या डोक्यावरची खाच. खाच शाबूत असेपर्यंत स्क्रू बाहेर येण्याचे पाच-सहा मार्ग मोकळे असतात. लहान तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर लावून जोर केला, तो घसरला आणि खाचेच्या कडा गोल झाल्या, की त्यातले बहुतेक बंद होतात. पुढे उरतं ते ड्रिल आणि वेल्डिंगचं काम. म्हणून खाली जे लिहितो आहे ते त्याच क्रमाने करा. मधली पायरी वगळू नका.

आधी तो अडकतो का, हे समजून घ्या, कारण पुढच्या प्रत्येक युक्तीचं मूळ तिथेच आहे. गिअरकेस, म्हणजे लोअर युनिटची गिअरभोवतीची पेटी, ॲल्युमिनियमची आणि स्क्रू बहुतेक इंजिनांत स्टेनलेस स्टीलचा. हे दोन धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे छोटीशी बॅटरीच तयार होते. तिच्यात खाल्लं जातं ते ॲल्युमिनियम. स्क्रू चकचकीत राहतो, पण भोवतीच्या आट्यांवर पांढरी भुकटी धरते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. आट्यांमधली सगळी फट ती भरून काढते आणि स्क्रूला चारी बाजूंनी आवळते. म्हणजे स्क्रू जास्त घट्ट बसवला होता म्हणून अडकत नाही. मागच्या वर्षी अगदी हलक्या हाताने लावलेला स्क्रूही चार महिने खाऱ्या दमट हवेत पडून राहिला तर असाच धरतो. लोखंडाचा गंज आणि हा पांढरा क्षार यांची जात वेगळी आहे. गंजावर चालणारं तेल इथे एकट्याने फारसं काम करत नाही.

हात लावण्याआधी स्क्रू बरोबर तोच आहे ना, याची खात्री करा. गिअरकेसला साधारणपणे दोन स्क्रू असतात. एक खाली, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) पुढच्या फुगीर भागाच्या बुडाशी. दुसरा वर, पंख्याच्या वरच्या आडव्या पत्र्याजवळ, तो ऑइलची पातळी बघायचा. दोन्हींची डोकी सपाट आणि त्यांना आडवी रुंद खाच. जुन्या जॉन्सन आणि एव्हिनरूडच्या काही मॉडेलांत खालच्या स्क्रूच्या अगदी शेजारी फुलीच्या खाचेचा आणखी एक स्क्रू असतो. त्याला चुकूनही हात लावू नका. आतल्या गिअर बदलायच्या पट्टीची ती खीळ आहे. ती बाहेर काढली की आतलं जागेवरून सुटतं आणि पूर्ण गिअरकेस खोलावी लागते. अशी जुनी इंजिनं अजूनही हातोहात विकली जातात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

दुसरी गोष्ट, वरचा स्क्रू आधी सैल करून बघा. तो निघाला तर दोन फायदे होतात. पुढे उष्णता देताना आत दाब साठत नाही आणि खालचा स्क्रू आज नाहीच निघाला तरी ऑइल काढायला एक वाट राहते. वरचाही जाम असेल तर सगळी पद्धत आधी त्याच्यावर चालवा.

आता खाच. तिच्यात रंग, क्षार आणि चिखल भरलेला असतो. वरवर बघितलं तर खाच खोल दिसते, पण ड्रायव्हर तळाला पोचलेलाच नसतो. सगळे तिथेच फसतात. जुन्या हॅकसॉ ब्लेडचा तुकडा किंवा सुई घेऊन खाच टोकापासून टोकापर्यंत खरवडून काढा. डोक्याच्या भोवतीच्या गोल फटीतला रंगही टोकदार सुरीने कापा. रंगाचा थर जाड असला तर तो एकटाच स्क्रूला धरून ठेवतो. काम नीट झालं की खाचेच्या तळाशी धातू चमकताना दिसतो आणि डोक्याच्या भोवती पांढरी बारीक रेघ उमटते. ती रेघ म्हणजेच आतला क्षार. तिथूनच तेल आत जाणार आहे.

ड्रायव्हर निवडताना त्याचं तोंड खाचेच्या पूर्ण लांबीइतकं रुंद हवं आणि खाचेत घट्ट बसेल इतकं जाड हवं. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक ड्रायव्हरांची टोकं निमुळती असतात. ती खाचेच्या वरच्या कडेवरच टेकतात आणि जोर लावला की वर सरकतात. जाड ड्रायव्हर घ्या आणि कानशीने त्याचं टोक दोन्ही बाजूंनी समांतर करून घ्या, तळाला पोचेल असं. दांडी चौकोनी किंवा षटकोनी असेल तर उत्तम, तिच्यावर पाना लावून पीळ देता येतो. एका हाताने, किंवा खरं तर छातीने, ड्रायव्हर आत दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने पाना फिरवायचा. आतला दाब पिळापेक्षा कमी पडला की ड्रायव्हर निसटलाच म्हणून समजा.

इतकं करून तो हलला नाही, तर तेल आणि वेळ. पेनिट्रेटिंग ऑइल मिळत असेल तर ते वापरा. नसेल तर गाडीचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून काचेच्या बाटलीत ठेवा. मिश्रण लगेच वेगळं होतं, म्हणून प्रत्येक वेळी हलवून थेंब सोडायचा. ते रंगाला लागू देऊ नका आणि जवळ विडी-काडी नको. साधं रॉकेल आत झिरपतं, पण क्षारावर ते फार कमकुवत आहे. स्क्रू आडवा असतो, त्यामुळे टाकलेलं तेल ओघळून खाली जातं. यावर उपाय म्हणजे कणकेची किंवा ग्रीसची छोटी वाटी डोक्याभोवती लावून तिच्यात तेल साठवणं, किंवा इंजिन बोटीवरून उतरवलेलं असेल तर ते कुशीवर, स्क्रू वर येईल असं ठेवणं. रात्रभर राहू द्या. सकाळी पुन्हा तेल, पुन्हा थोडी वाट.

तेलाइतकाच महत्त्वाचा असतो हादरा. क्षार कडक असतो, पण ठिसूळ. स्क्रूच्या डोक्यावर जाड पितळी दांडा किंवा सपाट पंच धरून सरळ, नेमके, मध्यम जोराचे ठोके द्या. प्रत्येक ठोक्याने आतला थर थोडा थोडा तडकतो आणि तेलाला वाट मिळते. मात्र गिअरकेसच्या दुसऱ्या बाजूला आधार हवाच. लाकडाचा ठोकळा किंवा वाळूची गोणी घट्ट टेकवा. अधांतरी लटकलेल्या युनिटवर ठोकलं तर सगळा मार शाफ्टच्या बेअरिंगांवर आणि क्लॅम्पवर जातो. खालच्या फिनवर, म्हणजे स्केगवर, वजन टाकून ठोकणंही टाळा. ओतीव ॲल्युमिनियम वाकत नाही, सरळ मोडतं.

या टप्प्यावर मी सगळ्यांना एकच हत्यार घ्यायला सांगतो, हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये तो हमखास असतो आणि तासाभरासाठी मागितला तर मिळतो. वरून हातोडीचा घाव पडला की हे हत्यार त्याच क्षणी टोक आत दाबतं आणि थोडं फिरवतं. दाब आणि पीळ एकत्र येतात, म्हणून खाच वाचते. बिट खाचेच्या पूर्ण रुंदीची लावा. दिशा आधी हातात फिरवून तपासा, डावीकडे सैल. पहिले दोन-तीन घाव मात्र उजवीकडे, घट्ट करण्याच्या दिशेने, हलके द्या. थर तडकवायला तीही दिशा तितकीच चांगली. मग उलट करून सरळ घाव. स्क्रू सुटतो तेव्हा 'टक्' असा कोरडा आवाज येतो आणि हाताला लगेच कळतं. बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट मशीन इथे वापरू नका. तिच्यात आत दाबायचा जोर आपल्याच हाताचा असतो आणि खाच एका क्षणात झिजून जाते.

स्क्रू पाव फेरा हलला म्हणजे काम झालं असं नाही. तिथून घाईने बाहेर ओढला तर सुटलेली भुकटी आट्यांत गोळा होऊन स्क्रू पुन्हा आवळला जातो आणि या वेळी ॲल्युमिनियमचे आटे सोबत घेऊन बाहेर येतो. तेल टाका, पाव फेरा सैल, तेवढाच परत घट्ट, पुन्हा सैल. हळूहळू बाहेर. तेलाबरोबर राखाडी चिखल येऊ लागला की ओळखा, आटे साफ होत आहेत.

एवढ्यानेही हलला नाही तर उष्णता. ॲल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जास्त प्रसरण पावतं. प्रत्येक अंशाला ॲल्युमिनियम साधारण २३ आणि स्टेनलेस १७ भाग, दर दहा लाख भागांमागे. हिशेब केला तर ८ मिलिमीटरच्या स्क्रूभोवती १०० अंशांनी तापमान वाढवून जेमतेम ५ मायक्रॉनचा फरक पडतो. म्हणजे भोक मोठं होऊन स्क्रू आपोआप सुटेल अशी आशा नको. खरा उपयोग असा की दोन धातू वेगवेगळ्या मापाने हलतात आणि मधला थर फुटतो. म्हणून एकदाच भयंकर तापवण्यापेक्षा तीन-चार वेळा तापवून थंड करणं जास्त गुणकारी.

सगळ्यात सुरक्षित उष्णता म्हणजे उकळतं पाणी. गिअरकेसच्या त्या भागाला जाड फडकं गुंडाळा आणि किटलीने सावकाश पाणी ओतत राहा. रंग जळत नाही, सीलला धोका नाही. आत ऑइल भरलेलं असल्यामुळे ते उष्णता ओढून घेतं, म्हणून दहा-पंधरा मिनिटं धीर धरा. मग लगेच इम्पॅक्ट ड्रायव्हर. याने नाही झालं तर सुताराकडची किंवा मोबाइल दुरुस्तीवाल्याकडची हीट गन. ती स्क्रूवर न धरता भोवतालच्या धातूवर फिरवत राहा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र झालं की पुरे. फार तापवलं तर आतली रबरी सील आणि ओ-रिंग कडक होतात आणि मग स्क्रू निघूनही गिअरकेस गळायला लागते.

गॅसचा टॉर्च अनुभवी माणसाच्याच हातात द्या. लोखंड तापलं की लाल होतं आणि आपल्याला समजतं. ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, ते रंग न बदलता एकदम वितळून खचतं. शिवाय जवळ पेट्रोल असतं. टाकी आणि नळी दूर नेऊन ठेवल्याशिवाय, टाकलेलं तेल आणि ॲसिटोन पुसून सुकवल्याशिवाय आणि वरचा स्क्रू उघडा असल्याशिवाय ज्योत पेटवायची नाही.

खाच आधीच गेली असेल तर काय? डोकं थोडं वर आलेलं असेल तर ग्राइंडरच्या पातळ चकतीने किंवा डोक्याला बसेल अशा हॅकसॉने नवी खाच पाडा, जुन्या खाचेला काटकोनात. डोकं आत बसलेलं असेल तर छोटी धारदार छिन्नी डोक्याच्या कडेजवळ उभी धरून आधी एक खळगा करा, मग छिन्नी तिरकी करून डावीकडे ठोका. याच ठिकाणी छिन्नीचा उपयोग. छिन्नीचं टोक ॲल्युमिनियमच्या बसण्याच्या जागेवर घासू देऊ नका. तिथे ओरखडा पडला तर वायसर बसत नाही आणि कायमची गळती लागते.

माझ्या मते खाच गेलेल्या स्क्रूवर सर्वांत चांगला इलाज म्हणजे डोक्यावर नट वेल्ड करून घेणं. अरगॉन वेल्डिंग करणारा चांगला कारागीर असेल तर स्टेनलेसचा नट डोक्यावर ठेवून आतून भरतो. स्क्रू आतून तापतो, फुगतो, थर चिरडतो, आणि थंड झाल्यावर पान्याने निघण्याची शक्यता बरीच वाढते. त्यासाठी लोअर युनिट इंजिनापासून सोडवून न्या. इंजिनाला जोडलेलं असताना वेल्डिंग केलं तर इग्निशनचं युनिट उडू शकतं. अर्थचा चिमटा स्क्रूच्या अगदी जवळ, रंग खरवडलेल्या जागी लावायला सांगा. पंख्याच्या शाफ्टला लावला तर करंट बेअरिंगांतून जातो आणि ती खराब होतात.

ड्रिल हा शेवटचा मार्ग. स्टेनलेस जास्त वेगाने ड्रिल केलं तर घासून आणखी कडक होतं आणि बिट नुसतं गुळगुळीत फिरतं. वेग कमी, दाब भरपूर, बिट कोबाल्टचं, कटिंग ऑइल सतत. मध्यबिंदूवर खोल पंच मारा. मध्य चुकला तर बिट मऊ ॲल्युमिनियमकडे पळतं. डाव्या आट्यांचं बिट मिळालं तर कित्येकदा ड्रिल करतानाच स्क्रू उलटा फिरून बाहेर येतो. इझी-आऊट, म्हणजे तुटका स्क्रू उलटा फिरवून काढायचं हत्यार, आत ठोकताना फार जपा. तो कडक पोलादाचा असतो, आत मोडला तर त्याला ड्रिलही लागत नाही आणि मग लेथवाल्याशिवाय गत्यंतर नाही. बिटला ग्रीस लावलं तर चुरा त्याला चिकटतो, तरीही थोडा आत जाणारच. काम झाल्यावर गिअरकेस डिझेलने धुवा, रिकामी करा, मग थोडं स्वस्त गिअर ऑइल घालून पंखा हाताने फिरवा, तेही काढून टाका.

आटे गेले असतील तर घाबरू नका. यामाहाच्या बऱ्याच इंजिनांत हा स्क्रू ८ मिलिमीटरचा, १.२५ पिचचा असतो, आणि त्या मापाचा हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवता येतो. मर्क्युरीमध्ये ३/८ इंच, इंचाला १६ आट्यांचा असतो, तिथे मिलिमीटरचा स्क्रू जबरदस्तीने घालू नका. आटे फक्त मळलेले असतील तर ग्रीस लावून टॅप हाताने, सावकाश फिरवा. एमसील किंवा अराल्डाइट भरून स्क्रू बसवणं हा उपाय नव्हे. तो पुढच्या वर्षी ऑइल बदलायचं कायमचं बंद करतो.

निघालेलं ऑइल नीट बघा. दुधासारखं पांढरट असेल तर पाणी शिरतं आहे. वायसर हे त्याचं नेहमीचं कारण असतं, पण पंख्याच्या शाफ्टच्या सीलमध्ये मासेमारीची तंगूस अडकून ती कापली गेली असण्याचीही तितकीच शक्यता. पंखा काढून तिथे बघाच. स्क्रूच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर बारीक काळपट लेप चालतो. बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर गिअर तपासल्याशिवाय बोट पाण्यात सोडू नका.

भरताना नेहमी खालून वर. खालच्या भोकातून पंपाने ऑइल घाला, वरून बुडबुड्यांशिवाय बाहेर येऊ लागलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग पंप काढून खालचा झटकन. वायसर दोन्ही नवे. जुने दाबले गेलेले असतात, पुन्हा लावले की माणूस गळती थांबवायला स्क्रू जास्त आवळतो. घट्ट करण्याचा आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात बघा. बहुतेक मध्यम इंजिनांत तो ७ ते ९ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, म्हणजे मनगटाचा जोर, दंडाचा नव्हे.

आता दरवर्षीचं दुखणं थांबवण्याबद्दल. स्क्रू कोरडा लावू नका. आट्यांवर पाण्याने धुऊन न जाणाऱ्या मरीन ग्रीसचा पातळ थर द्या. टेफ-जेल किंवा ड्युरालॅक या पेस्ट मिळाल्या तर त्याहून चांगलं, त्या दोन धातू वेगळे ठेवण्यासाठीच बनवलेल्या आहेत. तांब्याची भुकटी असलेली किंवा ग्रॅफाइटची पेस्ट मात्र इथे चालत नाही. गॅरेजमध्ये ती सगळ्या बोल्टांना लावतात, पण ॲल्युमिनियम आणि खारं पाणी असलं की तांबं आणि ग्रॅफाइट ती बॅटरी आणखी जोरात चालवतात. तांब्याचा अँटिफाउलिंग रंग, म्हणजे बोटीच्या तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावायचा रंग, गिअरकेसला लावणंही त्याच कारणाने टाळा. डोक्याभोवती रंग उडालेला असेल तर स्क्रू बसवून झाल्यावर तिथे हात मारून घ्या. झिंकचा बळी, म्हणजे गिअरकेसऐवजी स्वतः झिजणारा ॲनोड, निम्मा खाल्ला गेला की बदला, आणि त्याच्यावर रंग कधीच लावू नका. ॲनोड रंगवलेला असला की समुद्र त्याच्याऐवजी गिअरकेस खातो.

आणि सगळ्यात उपयोगी सवय ही : ऑइल बंदीनंतर नव्हे, बंदीआधी बदला. इंजिन ठेवणीत जाण्याच्या आठवड्यात, मे अखेरीला. पुस्तकात ठरावीक तासांनी किंवा महिन्यांनी बदलायला सांगितलेलं असतंच. त्या वेळी स्क्रू हंगामभर पाण्यात राहिलेला असतो, पण सुकून धरलेला नसतो. आत शिरलेलं पाणी पावसाळाभर बेअरिंगांवर बसून राहत नाही, आणि ग्रीस लावलेला स्क्रू ऑगस्टमध्ये फक्त सैल करून परत बसवून बघायला उरतो.

हंगाम उद्यावर आला आहे आणि स्क्रू काही केल्या निघत नाही, अशा वेळी तोडफोड करू नका. वरच्या भोकातून बारीक नळी जाईल तितकी खाली घालून, मोठ्या सिरिंजने जितकं निघेल तितकं ऑइल ओढून घ्या. किंवा लोअर युनिट सोडवून, वरचं भोक खाली येईल असं उलटं-तिरकं ठेवून रात्रभर निथळू द्या. भरायचं वरूनच, थोडं थोडं, हवा बाहेर पडायला मध्ये वेळ देऊन. पंखा हाताने फिरवत भरलं तर अडकलेली हवा लवकर निघते. पातळी दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा, ती उतरलेली असते. पहिल्या फेरीनंतर वरचा स्क्रू उघडून ऑइलचा रंग बघा. स्वच्छ असेल तर पुढच्या सुट्टीपर्यंत स्क्रूवर तेल सोडत राहा आणि तेव्हा निवांत काढा. पांढरट दिसलं तर त्याच दिवशी इंजिन उतरवा.